मराठी रॉक सिंगल येतंय: ४८ सेकंदांचा इंट्रो ठेवावा का, आणि श्रोत्यांना ओळख करून द्यायची कशी?

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. बँड चार जणांचा, पिंपरी-चिंचवडचा. दोन गिटार, बेस, ड्रम्स. नवं गाणं तयार आहे, नाव ‘रात्रपाळी’. भोसरी एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमधल्या तिसऱ्या पाळीवर आहे आणि मुख्य रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) पॉवर प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावरून बांधलाय. उत्तर नेमकं देता यावं म्हणून सगळी माहिती एकदाच देतो.

लय मिनिटाला १६० मात्रा, चार मात्रांचा बार, गिटार ड्रॉप डी (सर्वांत जाड तार डीपर्यंत उतरवलेली). लांबी ४ मिनिटं १० सेकंद. सुरुवातीला ४८ सेकंदांचा इंट्रो: आधी कारखान्यातला आवाज, मग भोंगा, त्यावर गिटारचा फीडबॅक हळूहळू चढत जातो. ड्रम्स ४८व्या सेकंदाला येतात, शब्द १ मिनिटाला सुरू होतात, ध्रुवपद पहिल्यांदा १ मिनिट ३६ सेकंदांना. मास्टर (अंतिम फाईल) उणे ७.५ एलयूएफएस (सरासरी आवाजाचं माप), पीक (आवाजाचं सर्वांत उंच शिखर) उणे ०.१. याआधी दोन सिंगल आली आहेत. बारा दिवसांनी, गणपती चालू असतानाच्या शुक्रवारी आणायचा विचार आहे. वितरकाकडे (गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपांवर पोचवणाऱ्या कंपनीकडे) अजून अपलोड केलेलं नाही. खर्चाला २५ हजार आहेत.

प्रश्न असे: इंट्रो कापावा का? बँडमधल्या दोघांचं म्हणणं आहे की तोच गाण्याचा जीव आहे. बारा दिवस पुरतील का? गाण्याची ओळख लिहायची तर ‘दमदार’, ‘धडाकेबाज’ यापलीकडे काय लिहावं? आणि स्टुडिओत भिंतीसारखं वाटणारं ध्रुवपद मोबाईलवर पातळ का वाटतं?

मिक्स_खोली

आधी शेवटचा प्रश्न घेतो, कारण तो सोडवल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

ड्रॉप डीमध्ये गिटारची सर्वांत खालची तार साधारण ७३ हर्ट्झला वाजते आणि बेसचा डी ३७ला. मोबाईलच्या स्पीकरमधून २००-३०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही. म्हणजे तुमची भिंत ज्या विटांची आहे त्या विटा मोबाईलवर पोचतच नाहीत. उपाय असा: बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढा, तिच्यातलं २५०च्या खालचं कापा, तिला भरपूर डिस्टॉर्शन लावा आणि वरून अडीच हजारांच्या पुढचंही काढून टाका. ही प्रत शून्यापासून हळूहळू वर आणा. मोबाईलवर बेसची चाल समजायला लागली की थांबा. मोठ्या स्पीकरवर ती वेगळी ओळखू येता कामा नये. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं की डिस्टॉर्शनच्या प्लगइनमुळे प्रत काही सॅम्पल (सेकंदाचा अगदी बारीक अंश) उशिरा येते आणि मूळ बेसशी फेज जुळत नाही. मग बेस भरायच्या ऐवजी आणखी पोकळ होतो. दोन्ही वेव्हफॉर्म मोठे करून बघा, शिखरावर शिखर आलं पाहिजे.

दुसरी शक्यता गिटारची. डाव्या-उजव्या बाजूच्या गिटार खरोखर दोनदा वाजवून घेतल्या आहेत, की एकच टेक पंधरा मिलिसेकंद सरकवून दुसरीकडे टाकलाय? सरकवलेला असेल तर हेडफोनवर रुंद वाटतो, पण मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून वाजवल्या की, त्या एकमेकींना खातात. स्वस्त ब्लूटूथ स्पीकर बहुतेक मोनोच असतात. मास्टरवर मोनोचं बटण दाबून ध्रुवपद ऐका. गिटार खाली बसल्या तर दुसरी बाजू पुन्हा वाजवून घ्या, याला दुसरा इलाज नाही.

आता मास्टर. उणे ७.५ फार ठासलेला आहे. स्पॉटिफायवर नेहमीच्या सेटिंगला गाणी उणे १४वर आणली जातात, म्हणजे तुमचं गाणं साडेसहा डीबी खाली ढकललं जाईल. पीक उणे ०.१ होते, ते उणे ६.६ला जातील. तेच गाणं उणे १० एलयूएफएस आणि उणे १ ट्रू पीकवर मास्टर केलंत तर फक्त ४ डीबी खाली जाईल आणि पीक राहतील उणे ५ला. स्नेअरचा घाव १.६ डीबी जास्त उंच. श्रोत्याच्या कानाला दोन्हींचा सरासरी आवाज सारखा, पण दुसऱ्यात ड्रमर जास्त जोरात मारतोय असं वाटेल. जोर ऐकू येतो तो या उंचीमुळे. ही पातळी जुळवणी सगळीकडे नसते, म्हणून रॉकला थेट उणे १४वर जायचा सल्ला मी देणार नाही. उणे ९ ते उणे १०.५ या पट्ट्यात राहा. आणि पीक उणे ०.१ ठेवू नका. ॲपवर ऑग किंवा एएसी या छोट्या फाईलींमध्ये रूपांतर होताना शिखरं वर सरकतात, शून्य ओलांडतात आणि झांजांवर खरखर येते.

इंट्रोबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सिंगलसाठी कापा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक प्ले मोजला जातो, आणि तुमच्या गाण्यात ३० सेकंदांपर्यंत ड्रम्ससुद्धा आलेले नाहीत. १६०च्या लयीत एक बार दीड सेकंदाचा, म्हणजे तुमचा इंट्रो ३२ बारांचा आहे. तो ८ बारांवर आणा. ड्रम्स १२व्या सेकंदाला, शब्द २४व्याला. पहिलं कडवं २४ बारांचं दिसतंय, त्यातले ८ काढता आले तर ध्रुवपद ४८व्या सेकंदाला येईल आणि एकूण लांबी ३ मिनिटं २२ सेकंद होईल.

काप तयार मास्टरवर मारू नका. रिव्हर्बची शेपटी आणि लिमिटरची ओढ मधेच तुटते आणि ते कानाला कळतं. मिक्सचं सेशन उघडून तिथे कापा, सांध्यावर ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणं) द्या आणि सांधा शक्यतो क्रॅश झांजेच्या घावाखाली लपवा.

उजवी_गिटार

मिक्स_खोलीचं मास्टरबद्दलचं सगळं पटतं. इंट्रोबद्दल थोडं वेगळं सांगतो.

४८ सेकंद जास्त आहेत, वाद नाही. पण फक्त छोटा केलात तर उरेल तो नुसता धावणारा रॉक. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत सगळं सारख्याच जोरात असेल तर दीड मिनिटात कान सरावतो आणि जोर जाणवेनासा होतो. तुमच्या गाण्यात शांतता आहे, यंत्र आहे, भोंगा आहे. हे फार थोड्या बँडकडे असतं. ते फेकू नका, हलवा.

मी असं मांडेन. पहिल्याच मात्रेला रिफचे दोन बार, गिटार एकटी, कोरडी, काही आधार नाही: ३ सेकंद. ती तुटली की सहा बार भोंगा आणि शॉपचा आवाज: ९ सेकंद. मग ड्रम्स. आठ बारच झाले, पण ऐकणाऱ्याला रिफ आधी मिळाला आणि तो परत यायची वाट बघायला लागला. फीडबॅकचा चढाव दुसऱ्या ध्रुवपदानंतर न्या. तिथे आठ बार सगळं थांबवा, फक्त प्रेसचा ठोका राहू दे, त्यावर फीडबॅक चढवा आणि शेवटचं ध्रुवपद त्यातून फुटू दे. त्या आठ बारांत बेससुद्धा नको. बेस ज्या क्षणी परत येतो तो क्षणच लोक लक्षात ठेवतात. कडव्यातून आठ बार निघणारच आहेत, ते इथे आले की लांबी ३ मिनिटं ३४ सेकंद होईल, तीही चालेल.

ध्रुवपद मोठं वाटावं यासाठी आणखी एक. ध्रुवपद वाढवायच्या ऐवजी कडवं कमी करा. कडव्यात एकच गिटार ठेवा, किंवा दोन्ही दीड-दोन डीबी खाली. ध्रुवपदाआधीच्या शेवटच्या मात्रेला सगळे मिळून थांबा, एक मात्रा पूर्ण मोकळी. १६०ला ती ०.३७५ सेकंदांची असते, पण श्वास घेतल्यासारखी ऐकू येते.

४८ सेकंदांचा मूळ अवतार ठेवा. व्हिडिओत, गिगमध्ये, पुढे ईपी (मोजक्या गाण्यांचा संच) आली तर तिच्यात वापरता येईल. बँडमधल्या त्या दोघांना हे सांगा.

वितरण_टेबल

बारा दिवस पुरणार नाहीत. गाणं ऑनलाइन दुकानांत (स्पॉटिफायसारख्या ॲपांवर) पोचेल, पण ओळख करून द्यायला वेळ उरणार नाही.

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं मांडायचं असेल तर ते प्रकाशित होण्याआधीच मांडावं लागतं. किमान ७ दिवस आधी मांडलं तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्येही (नव्या गाण्यांच्या साप्ताहिक यादीत) जातं. पण वितरकाने फाईल पोचवून ती तुमच्या कलाकार-खात्यात ‘येणारं गाणं’ म्हणून दिसायला लागेपर्यंत मांडताच येत नाही, आणि त्यातच काही दिवस जातात. कव्हर किंवा नावात काही चुकलं आणि परत आलं तर आणखी एक आठवडा. म्हणून अपलोड ते प्रकाशन चार आठवडे धरा. अपलोडच्या आधी मिक्सच्या दुरुस्तीला एक आठवडा धरला तर आजपासून पाच आठवडे. तो शुक्रवार दसऱ्याच्या तोंडावर येतो. कारखान्यांत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, प्रेसला हार घातला जातो. प्रेसवरचं गाणं आणायला यापेक्षा योग्य आठवडा मिळणार नाही. गणपतीचे दिवस सोडाच. त्या दहा दिवसांत गल्लीगल्लीत वेगळाच आवाज चालू असतो आणि नव्या रॉक गाण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

कागदपत्रांत काय चुकतं ते सांगतो, कारण तिथेच जास्त गाणी अडकतात.

फाईल: २४ बिट वेव्ह, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, ज्यात रेकॉर्ड केलंय तेच. एमपीथ्रीला वेव्ह करून पाठवू नका, वरचे आवाज गेलेले असतात ते परत येत नाहीत.

नाव: श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं नाव रकान्यात चिकटवलं की तिकडे निरर्थक चिन्हं उमटतात. युनिकोडमध्येच टाइप करा. शीर्षकाच्या रकान्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही कोंबू नका, बरीच दुकानं ते परत पाठवतात. एक लिपी निवडा आणि बँडचं नाव आधीच्या दोन सिंगलांवर जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की गाणं नव्या किंवा भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसतं. वितरकाच्या अर्जात तुमच्या कलाकार-पानाचा दुवा द्यायची सोय असते, ती वापरा. यूट्यूबवर मात्र शीर्षकात दोन्ही लिप्या लिहा, आणि वर्णनात रोमन स्पेलिंगचे दोन-तीन प्रकार, कारण ‘रात्रपाळी’ कुणी एका ‘ए’ने शोधेल, कुणी दोन ‘ए’ लावून.

भाषा: ‘मराठी’ निवडा. देवनागरी दिसली की घाईत ‘हिंदी’ निवडलं जातं आणि मग गाणं मराठीच्या याद्यांमध्ये येणं अवघड होतं.

कव्हर: ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी. त्यावर संकेतस्थळ, इन्स्टाचं नाव, कुठल्या ॲपचा लोगो काही नको. मोबाईलवर ते चित्र अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं, म्हणून ‘रात्रपाळी’चा ‘त्र’ आणि ‘ळ’ त्या आकारात वाचता येतो का ते बघा.

आयएसआरसी: हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा असतो. छोटा आणि ४८ सेकंदांच्या इंट्रोचा असे दोन अवतार असतील तर दोन वेगळे क्रमांक. पण छोटा अवतार पुढे ईपीत टाकाल तेव्हा हाच क्रमांक द्या, नवा घेऊ नका. क्रमांक बदलला की जमलेले प्ले मागेच राहतात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते.

कंटेंट आयडी (यूट्यूबवर तुमचं ध्वनिमुद्रण ओळखून दावा लावणारी यंत्रणा): भोंगा आणि प्रेसचा आवाज तुम्ही स्वतः रेकॉर्ड केला असेल तर बिनधास्त चालू करा. सॅम्पल पॅकमधून घेतला असेल तर बंद ठेवा, नाहीतर तोच आवाज वापरणाऱ्या दुसऱ्या कुणावर तुमच्या नावाने दावा पडेल, किंवा उलट. यूट्यूबवरून उचललेला असेल तर काढून टाका आणि नवा रेकॉर्ड करा. आणि दावा चालू करताना बँडचं स्वतःचं चॅनल सूट-यादीत घालायला विसरू नका, नाहीतर पहिला दावा स्वतःच्याच व्हिडिओवर येतो.

पैशांचं एक: वितरक देतो ते ध्वनिमुद्रणाचे पैसे. शब्द आणि चाल यांचं मानधन आयपीआरएस या संस्थेमार्फत येतं. गीतकार आणि संगीतकार सभासद नसतील तर आत्ता अर्ज करा आणि गाणं तिथे नोंदवा. कुणाचा वाटा किती ते प्रकाशनाच्या आधी कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या.

अमुक हजार प्ले मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. स्पॉटिफायने असले प्ले पकडले तर ते वितरकाकडून दंड घेतं, वितरक तो तुमच्यावर टाकतो आणि गाणंही काढतो. आणि हो, २०२४पासून तिथे मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले झाल्याशिवाय गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसेच लागू होत नाहीत. आधीची दोन सिंगल त्या रेषेच्या जवळ असतील तर नव्याच्या प्रचारात त्यांनाही धरा. जुने मार्गदर्शक लेख वाचत असाल तर रेसो आणि विंक या ॲपांची नावं खोडा, दोन्ही २०२४मध्ये बंद झाली.

तिसरी_पाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. दसऱ्याआधीचा शुक्रवार नक्की केला. इंट्रो उजवी_गिटार यांनी सांगितला तसा मांडतोय. भोंगा आणि प्रेसचा आवाज आमचाच, परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेला. ओळखीचा मसुदा खाली देतो, यावर मदत हवी आहे:

‘रात्रपाळी हे आमचं नवं, प्रचंड ऊर्जेने भरलेलं, अंगावर काटा आणणारं रॉक गाणं आहे. दमदार गिटार, धडाकेबाज ड्रम्स आणि काळजाला भिडणारे शब्द यांचा हा संगम तुम्हाला नक्की थिरकायला लावेल.’

शब्दपट्टी

मसुद्यातून ‘रात्रपाळी’ हा शब्द काढा आणि दुसऱ्या कुठल्याही गाण्याचं नाव घाला. मजकूर तसाच चालतो. म्हणजे त्यात तुमच्या गाण्याबद्दल अजून काहीच आलेलं नाही. ‘काटा येईल’, ‘थिरकाल’ हे ऐकणाऱ्याने म्हणायचं असतं. तुम्ही त्याला एवढंच सांगा की आत काय आहे आणि ते कुठे ऐकायचं.

तुमच्याच पोस्टमधून उचलून लिहितो:

‘मध्यरात्र. भोसरीत तिसऱ्या पाळीचा भोंगा होतो आणि प्रेस सुरू होते. हे गाणं त्याच ठोक्यावर चालतं. दोन गिटार, बेस, ड्रम्स. भोंगा आणि यंत्राचा आवाज खऱ्या शॉपमध्ये रेकॉर्ड केलेला. दुसऱ्या ध्रुवपदानंतर आठ बार सगळं थांबतं, फक्त प्रेस ऐकू येते. तिथे आवाज वाढवा.’

यात एकही विशेषण जोराबद्दल नाही. भोंगा, ठोका, थांबणं हे तीन शब्दच वाचणाऱ्याला जोर कळवतात. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण ते ऐकणाऱ्याला काम देतं आणि तो निदान त्या जागेपर्यंत पोचतो. अंतिम मिक्समध्ये ती जागा नेमक्या कितव्या मिनिटाला येते ते कळलं की वेळ घाला.

हाच मजकूर सगळीकडे चिकटवू नका. तीन ठिकाणी तीन रूपं लागतील.

स्पॉटिफायच्या संपादकांसाठी ५०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे जागा लवकर संपते. तिथे इंग्रजीत लिहा आणि ध्रुवपदाच्या एका ओळीचा अर्थ द्या. त्यांना वातावरण नको असतं, वर्गवारी हवी असते: मराठी, हार्ड रॉक, लय १६०, पुरुष आवाज, विषय कारखान्यातली रात्रपाळी, आवाज प्रत्यक्ष शॉपमधले, अमुक तारखेला अमुक ठिकाणी प्रयोग, व्हिडिओ कधी येणार. शेवटच्या दोन गोष्टी लोक विसरतात. गाण्याला तुम्ही स्वतः काय आधार देताय ते त्यांना त्यावरून कळतं.

वर्तमानपत्रं, संगीताबद्दल लिहिणारे, सामुदायिक रेडिओ यांना ईमेल. विषयाच्या ओळीत ‘नवीन गाणं’ एवढंच लिहिलेलं कुणी उघडत नाही. ‘भोसरीच्या प्रेस शॉपवरचं मराठी रॉक गाणं, शुक्रवारी’ असं लिहा. आत पाच ओळी, एक खासगी दुवा, गाण्याचे पूर्ण शब्द, आणि एका फोल्डरचा दुवा ज्यात एक आडवा आणि एक उभा फोटो असेल. वेव्ह फाईल जोडून पाठवू नका, ईमेल परत येईल. रेडिओला पाठवताना गाणं कितव्या सेकंदाला सुरू होतं ते लिहा: ‘शब्द २४व्या सेकंदाला’. निवेदकाला तेवढ्यात ओळख सांगता येते, आणि हे लिहिलेलं असलं की त्याचं काम सोपं होतं. पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणीला जरूर पाठवा.

आणि गाण्याचे शब्द. म्युझिक्समॅच या गाण्यांच्या शब्दांच्या संकेतस्थळावर ते देवनागरीत, ओळीगणिक वेळ लावून स्वतः भरा. स्पॉटिफायवर गाणं वाजताना दिसणारे शब्द तिथूनच येतात. तुम्ही भरले नाहीत तर कुणीतरी ऐकून भरेल आणि ऱ्हस्व-दीर्घासकट सगळं चुकवेल.

स्टेज_डावीकडे

रील आणि गिग, दोनच गोष्टींवर लिहितो.

रीलसाठी सगळे १५ सेकंद कापतात. तुमच्या लयीत १५ सेकंद म्हणजे १० बार. रील संपून पुन्हा सुरू होते तेव्हा रिफ चुकीच्या जागी तुटतो. १२ सेकंद कापा, बरोबर ८ बार. शेवटच्या बारानंतर पहिला बार लयीत येतो, बघणाऱ्याला सांधा कळतच नाही आणि तो दोन-तीन वेळा ऐकतो. काप ध्रुवपदाच्या आधीच्या त्या मोकळ्या मात्रेपासून घ्या: एक मात्रा शांतता, मग फुटणं. रील १०८० बाय १९२०, आणि शब्द पडद्याच्या खालच्या पाव भागात लिहू नका, तिथे ॲपची बटणं आणि मजकूर येतो. स्पॉटिफायवर गाण्यामागे फिरणारा उभा कॅन्व्हस ३ ते ८ सेकंदांचाच लागतो. तिथे ४ बार, म्हणजे ६ सेकंद, प्रेस खाली येतानाचा एकच शॉट पुरे.

पैसे: १२ हजारांपर्यंत एका दिवसाचं चित्रीकरण, ५ हजार मिक्स आणि मास्टरच्या दुरुस्तीला, ५ हजार रील पुढे ढकलायला, उरलेले हाताशी ठेवा. जाहिरातीचे ५ हजार पहिल्या दिवशी घालू नका. आधी तीन-चार वेगळ्या रील नुसत्या टाका. ज्या रीलला लोक शेवटपर्यंत थांबतायत तिच्यावरच पैसे लावा, आणि प्रेक्षक निवडताना पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर असे कारखान्यांचे पट्टे निवडा. ‘रॉक आवडणारे’ एवढीच चाळणी लावली तर इंग्रजी रॉक ऐकणाऱ्यांत पैसे जिरतात. तुमचा श्रोता कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून बसलेला आहे. त्यातल्या अनेकांनी स्वतःहून रॉक शोधलेलं नसेल, पण तो ठोका त्यांच्या अंगात आहे. रील रात्री दहा-अकराला आणि सकाळी पाळी सुटते तेव्हा टाका.

चित्रीकरण शॉपमध्ये करणार असाल तर मालकाची लेखी परवानगी आणि प्रेस बंद ठेवून, किंवा चालू प्रेसपासून अंतर राखून. चालू प्रेसजवळ गिटारचा पट्टा, केबल, मोकळी बाही काहीही नको.

गिगमध्ये नवं गाणं पहिलं वाजवू नका, पहिल्या गाण्यात साउंडवाला अजून आवाज जुळवत असतो. अर्ध्या तासाच्या वेळेत तिसरं वाजवा. नाव सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर लगेच एकदा सांगा. टाळ्यांत नाव बुडतं म्हणून दुसऱ्यांदा टाळ्या उतरल्यावर. भोंगा लॅपटॉपवरून वाजवणार असाल तर एका स्टीरिओ फाईलमध्ये डावीकडे क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) आणि उजवीकडे भोंगा-प्रेस ठेवा. क्लिक फक्त ड्रमरच्या कानात, उजवी बाजू डीआय बॉक्समधून (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) मुख्य स्पीकरला. ही केबल उलटी लागली तर सगळ्या हॉलला क्लिक ऐकू जाते, म्हणून साउंडचेकला आधी तीच बाजू तपासा. आठ बारांच्या थांब्यात ड्रमरने हायहॅटवर पायाने मात्रा धरून ठेवायची, नाहीतर बेस परत येताना क्लिकपासून सरकलेला असतो. जागा उघडी असेल तर रात्री १०च्या आत सगळं संपेल असं बसवा, त्यानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो आणि नवं गाणं शेवटी ठेवलं असेल तर तेच कापलं जातं.

तिसरी_पाळी

बेसची डिस्टॉर्शनवाली प्रत टाकली, सॅम्पल जुळवले. ध्रुवपद मोबाईलवर भरलं, अगदी लगेच फरक पडला. उजवी गिटार सरकवलेलीच निघाली, ती पुन्हा वाजवून घेतली. आता नवीन अडचण अशी की ध्रुवपदात ‘रात्रपाळी’ नीट कळत नाही, ‘रापाळी’ असं ऐकू येतं. आवाज २ डीबी वर नेला तर गाणारा बँडच्या पुढे उभा राहिल्यासारखा वाटतो.

मिक्स_खोली

‘त्र’ स्नेअरवर पडतोय. जोडाक्षर फार छोटं असतं, आणि त्याच क्षणी स्नेअर आणि गिटार दोन्ही दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आदळतात. आवाज वर नेऊन हे सुटत नाही, कारण स्वर मोठे होतात आणि ‘त्र’ झाकलेलाच राहतो.

आधी गायकाचा ट्रॅक मोठा करून बघा. ‘त्र’ आणि स्नेअरचं शिखर एकाच रेषेत असेल तर तेवढाच शब्द १५ ते २० मिलिसेकंद आधी सरकवा. कानाला लय बिघडल्यासारखी वाटत नाही, पण व्यंजन घावाच्या आधी निसटून पुढे येतं. मग ट्रॅकवर फक्त त्या ‘त्र’ची पातळी ३ डीबी वर काढा, ‘रा’ आणि ‘पा’ला हात लावू नका. दोन्ही गिटारच्या बसवर (एकत्रित ट्रॅकवर) अडीच हजारांच्या आसपास २ डीबीचा खड्डा, तोही गायकाच्या आवाजाने उघड-मीट होणारा, म्हणजे शब्द नसताना गिटार पुन्हा पूर्ण उघड्या राहतील. ‘भ’, ‘ध’, ‘फ’ वाले शब्द असतील तिथे ८०-१००च्या खाली हवेचा धक्का बसतो, तो कापा. ‘स’, ‘श’, ‘च’ टोचत असतील तर डी-एसर (टोचणारे सकार दाबणारं साधन) पाच ते आठ हजारांत, पण हलका, नाहीतर ‘च’चा ‘त’ होतो.

एवढं करूनही ‘रापाळी’च आलं तर पुन्हा गाऊन घ्या. ‘रात्‌’वर किंचित थांबून ‘रपाळी’ म्हणायला सांगा. मागे तिघांनी ओरडायचं असेल तर त्यांनी फक्त ‘पाळी’ म्हणावं; चौघांचे ‘त्र’ एका क्षणी कधीच पडत नाहीत आणि शब्द फिस्कटतो. मग मोबाईल आवाज निम्मा करून स्वयंपाकघरात ठेवा, दुसऱ्या खोलीत जा, आणि ज्याने हे गाणं अजून ऐकलेलं नाही त्याला विचारा की ध्रुवपदात काय म्हणतायत.